एकच विक्री, साठा दोनदा वजा: ट्रिगर, पॅकेज आणि प्रोसिजरच्या नावांतून येणारे बिघाड कसे शोधायचे

हा बिघाड मी इतक्या ठिकाणी दुरुस्त केला आहे की आता फोनवरची पहिली दोन वाक्यं ऐकली की ओळखू येतो. गोव्यात वाळपई, फोंडा, वेर्णा, म्हापसा. कोणाचा काजूचा कारखाना, कोणाचं हार्डवेअर, कोणाचं औषधांचं वितरण. मागे ओरॅकलचा डेटाबेस असतो आणि त्यात दहा-बारा वर्षांत चार-पाच जणांनी आपापल्या सवयीनं लिहिलेले ट्रिगर (टेबलात बदल झाला की आपोआप चालणारा कोड) आणि प्रोसिजर (नाव घेऊन चालवायचा कोड) असतात. प्रत्येकाचं काम आपल्या जागी बरोबर असतं. नावं एकमेकांना धरून नसतात, आणि बिघाड तिथूनच सुरू होतो.

लक्षणं

यातलं एक जरी दिसत असेल तर पुढे वाचा.

- व्यवहार एकच, पण परिणाम दोनदा: साठा दुप्पट कमी होतो, एका बिलाच्या दोन जमाखर्च नोंदी पडतात.
- प्रोसिजर बदलला, कंपाइल झाला, एरर नाही, पण वागणूक जुनीच.
- कालपर्यंत बिलं होत होती, आज प्रत्येक बिलाला ओआरए-०४०९८ हा ओरॅकलचा एरर येतो, म्हणजे ट्रिगर अवैध आहे आणि पुन्हा तपासूनही वैध ठरत नाही.
- एका ग्राहकाची नोंद बदलायला गेलात आणि सगळ्यांची बदलली.
- टेस्टवर (चाचणीच्या प्रतीवर) चालतं, लाइव्हवर (रोजच्या कामाच्या डेटाबेसवर) ओआरए-००९४२ किंवा पीएलएस-००२०१ येतो: टेबल नाही, नाव ओळखीचं नाही.
- ट्रिगर यादीत डोळ्यांना दिसतो, पण ड्रॉप करायला (काढून टाकायला) गेलं की ओआरए-०४०८०, म्हणजे असा ट्रिगरच नाही.

वाळपईजवळच्या काजू कारखान्यातून फोन आला तो चवथीच्या आदल्या आठवड्यात. त्या दिवसांत तिथे श्वास घ्यायला सवड नसते. डब्ल्यू ३२० दर्जाचे १० किलोचे १२ डबे गाडीत चढले आणि कॉम्प्युटरनं साठ्यातून २४ कमी केले. गोदाम सांभाळणारे गृहस्थ मला मांडणीपाशी घेऊन गेले, डब्यावर हात ठेवून म्हणाले, "बाब, हे डबे इथं आहेत ना? मग मशीन नाही कसं म्हणतं?" त्या दिवशी साठा शून्य दिसतो म्हणून तीन ऑर्डरी अडून बसल्या होत्या.

१. आपण कुठे लॉगिन आहोत ते आधी पाहा

एक मिनिटाचं काम, खर्च काहीच नाही. डेटाबेसचं नाव, चालू स्कीमा (एका यूजरच्या मालकीच्या टेबलं-प्रोसिजरांचा कप्पा) आणि यूजर या तीन गोष्टी क्वेरीनं विचारून घ्या, खिडकीच्या शीर्षकावर विसंबू नका. 'बदल केला पण फरक पडत नाही' या तक्रारीत बदल टेस्टवर झालेला असणं हे मला सर्वांत जास्त वेळा सापडलेलं कारण आहे. दुसरं कारण त्याच्याच शेजारचं: बदल लाइव्हवरच झाला, पण दुसऱ्या स्कीमात.

२. एररची पूर्ण साखळी वाचा

लोक पहिल्या ओळीचा फोटो पाठवतात. आपल्याला हवी असते ती खालची ओआरए-०६५१२ची ओळ, कारण तिच्यात बिघडलेल्या वस्तूचं नाव आणि ओळ क्रमांक असतो. ट्रिगरच्या बाबतीत एक खाचखळगा लक्षात ठेवा. तो ओळ क्रमांक 'क्रिएट'पासून मोजलेला नसतो. डिक्लेअर किंवा बिगिनपासून, म्हणजे आतल्या ब्लॉकच्या पहिल्या ओळीपासून मोजलेला असतो. हे माहीत नसलं की माणूस भलत्याच ओळीकडे बघत तासभर काढतो.

ट्रिगरला कोणी नावानं हाक मारत नाही. प्रोसिजर आपण नाव घेऊन चालवतो, ट्रिगर आपोआप चालतो. त्याचं नाव माणसाला भेटतं ते फक्त एररमध्ये, बहुतेकदा गर्दीच्या वेळी आणि घाबरलेल्या माणसाला. त्या क्षणी 'टीआरजी_१' हे नाव काहीच सांगत नाही. 'विक्री_तपशील_एआयआर' हे नाव सांगतं की टेबल विक्री_तपशील, वेळ आफ्टर, घटना इन्सर्ट आणि प्रत्येक रोसाठी, म्हणजे ओळीसाठी. ट्रिगरच्या नावाबाबत मी आग्रही आहे तो यासाठी.

३. टेबलावर किती ट्रिगर बसले आहेत ते मोजा

परिणाम दोनदा होत असेल तर उत्तर बहुधा इथेच मिळतं. यूजर_ट्रिगर्स या व्ह्यूमधून (ओरॅकलच्या तयार यादीतून) त्या टेबलासाठी चार रकाने काढा: नाव, प्रकार, घटना आणि स्टेटस. टेबलाचं नाव कॅपिटल अक्षरांत द्या, कारण अवतरणचिन्हांशिवाय दिलेलं नाव ओरॅकल कॅपिटलमध्येच साठवतो. लहान अक्षरांत शोधलंत तर यादी रिकामी येते आणि ट्रिगरच नाही असं वाटतं. यूजर_ट्रिगर्समध्ये फक्त आपल्या मालकीचे ट्रिगर येतात. दुसऱ्या स्कीमाच्या मालकीचा ट्रिगर आपल्या टेबलावर बसलेला असू शकतो, म्हणून ऑल_ट्रिगर्स किंवा अधिकार असतील तर डीबीए_ट्रिगर्सही पाहा.

काजू कारखान्यात यादीत तीन नावं आली. 'टीआरजी_१' बिलातल्या ओळीला क्रमांक देत होता, त्याचा इथे संबंध नव्हता. 'साठा_अपडेट' हा जुना. आणि 'विक्री_तपशील_एआयआर' हा आठवड्यापूर्वीचा. नव्या मुलानं जुन्या ट्रिगरचं काम नीट समजून घेऊन, चांगल्या नियमानं नाव देऊन पुन्हा लिहिलं होतं आणि 'क्रिएट ऑर रिप्लेस' चालवलं होतं. पण त्यातलं 'रिप्लेस' नाव तेच असेल तरच लागू होतं. नाव वेगळं, म्हणून जुना तसाच राहिला आणि शेजारी दुसरा जन्माला आला. टेस्टवर जुना हातानं ड्रॉप केलेला होता, त्यामुळे तिथे सगळं बरोबर दिसलं. ती ड्रॉपची ओळ लाइव्हच्या स्क्रिप्टमध्ये आलीच नाही.

इथे घाईनं जुना ट्रिगर उडवू नका. दोन्हींचा मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचा. तिथे 'साठा_अपडेट' फक्त इन्सर्टवर नव्हता, डिलीटवरही होता: बिल रद्द झालं की साठा परत वाढवण्याचं काम तोच करत होता. नव्या ट्रिगरमध्ये ते नव्हतं. जुना काढला असता तर दुप्पट वजाबाकी थांबली असती आणि रद्द बिलांचा माल कायमचा गायब झाला असता. 'साठा_अपडेट' या नावातून घटनेचा पत्ता लागत नव्हता, म्हणून त्या मुलाला डिलीटची शंकाही आली नाही.

याच्या उलट प्रकार म्हापशाच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे होता. नाव अगदी नियमाप्रमाणे, शेवटी इन्सर्टचा 'आय'. पण मधल्या काळात कोणीतरी त्याच ट्रिगरला अपडेटही जोडलं आणि नाव तसंच ठेवलं. बिल छापलं की 'छापलं' अशी खूण त्या रोमध्ये पडायची, म्हणजे अपडेट, म्हणजे ट्रिगर पुन्हा, म्हणजे साठा पुन्हा वजा. नियमाप्रमाणे असलेल्या नावावर आपण विश्वास टाकतो, म्हणून खोटं पडलेलं नाव निरर्थक नावापेक्षा जास्त त्रास देतं. घटना बदलली की 'ऑल्टर ट्रिगर' वापरून नावही त्याच दिवशी बदला. ट्रिगरला नावानं कोणी बोलावत नसल्यामुळे ते बदलणं सोपं असतं.

४. स्टेटस: बंद आहे की अवैध?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या सारख्या धरतात. डिसेबल असलेला ट्रिगर गप्प राहतो, एरर देत नाही, काम मात्र होत नाही. कोणीतरी मोठा डेटा भरताना बंद केला आणि परत चालू करायला विसरला, अशी ती गोष्ट असते. अवैध ट्रिगर चालू असेल तर ओआरए-०४०९८ देऊन व्यवहारच अडवतो. बंद-चालू यूजर_ट्रिगर्समध्ये कळतं, वैध-अवैध यूजर_ऑब्जेक्ट्समध्ये, आणि अवैध का ते यूजर_एरर्समध्ये. कंपाइल करून पाहा. ज्या पॅकेजवर (प्रोसिजरांच्या गटावर) तो अवलंबून आहे तेच अवैध असेल तर आधी ते पॅकेज.

५. त्याच नावाचं दुसरं काही आहे का?

ऑल_ऑब्जेक्ट्समध्ये मालकाची अट न घालता फक्त नाव शोधा. एकाच नावाचा प्रोसिजर दोन स्कीमांत सापडला तर 'कोड बदलला पण वागणूक जुनी' याचं कोडं सुटलं. ओरॅकल आधी आपल्याच स्कीमात पाहतो, तिथे मिळालं की पब्लिक सिनोनिमपर्यंत (सगळ्यांसाठी ठेवलेल्या टोपणनावापर्यंत) जातच नाही. कोणीतरी प्रयोगासाठी स्वतःच्या स्कीमात काढलेली जुनी प्रत मुख्य प्रतीला झाकून बसते.

नावांची जागा कोणती वस्तू कोणाशी वाटून घेते हेही माहीत हवं. ओरॅकलमध्ये टेबल, व्ह्यू, सिक्वेन्स, प्रायव्हेट सिनोनिम, स्वतंत्र प्रोसिजर, फंक्शन आणि पॅकेज एकाच स्कीमात एकाच नावाचे असू शकत नाहीत. तसं केलंत तर ओआरए-००९५५. ट्रिगरची जागा मात्र वेगळी असते, म्हणून टेबलाचंच नाव ट्रिगरला दिलं तरी डेटाबेस काही बोलत नाही. तो बोलत नाही म्हणून ते करावं असं नाही. पॅकेजला स्कीमाचं नाव देणंही टाळा: मग स्कीमाचं नाव लावून केलेली हाक ओरॅकल त्या पॅकेजच्या आत शोधतो आणि पीएलएस-००३०२ देतो.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. नावं मराठी असतात आणि लिपी रोमन. 'विक्री' लिहिताना एकानं शेवटी एक आय लावला, दुसऱ्यानं दोन ई. 'खरेदी'ची तर मी तीन रूपं एकाच स्कीमात पाहिली आहेत. डिचोलीच्या पाटीवर रोमन लिपीत बिचोलिम असतं, साखळीच्या पाटीवर सांकेलिम, आणि बसच्या कंडक्टरला दोन्ही कळतात. डेटाबेसला कळत नाही. मराठी शब्द जरूर वापरा, मी स्वतः वापरतो, कारण हिशेबनीसाला ते वाचता येतात. पण मूळ पन्नास-साठ शब्दांची एक वही करा: शब्द, त्याचं ठरलेलं स्पेलिंग आणि संक्षेप. वहीत नाही तो शब्द नावात नाही.

६. पॅरामीटर आणि कॉलम यांचं नाव एकच आहे का?

यात नुकसान सर्वांत मोठं होतं आणि एरर एकही येत नाही. उधारीची मर्यादा बदलणारा प्रोसिजर समजा. त्याच्या पॅरामीटरचं नाव 'ग्राहक_क्र', टेबलातल्या कॉलमचंही 'ग्राहक_क्र'. आत अपडेट, आणि अट: ग्राहक_क्र बरोबर ग्राहक_क्र. लिहिणाऱ्याच्या मनात डावीकडे कॉलम आणि उजवीकडे पॅरामीटर. पण एसक्यूएल वाक्याच्या आत ओरॅकल नाव आधी कॉलम म्हणूनच पाहतो. दोन्ही बाजूंना कॉलम धरला गेला, अट प्रत्येक ओळीत खरी ठरली आणि सगळ्या ग्राहकांना एकच मर्यादा लागली. फोंड्याच्या एका दुकानात हे दुपारी झालं आणि संध्याकाळी कळलं, तोवर ज्यांना उधार द्यायचं नव्हतं अशा कित्येकांच्या नावावर माल गेला होता.

तपासायला सोपं आहे: प्रोसिजरच्या पहिल्या चार ओळी आणि टेबलाची कॉलमयादी शेजारी ठेवा. उपायही सोपा: पॅरामीटरच्या आधी 'पी_', स्थानिक व्हेरिएबलच्या आधी 'व्ही_'. टेबलाला 'टीबीएल_' लावणं मला अनावश्यक वाटतं, पॅकेजच्या आतल्या प्रत्येक प्रोसिजरला 'प्रोक_' लावणंही. पण 'पी_' आणि 'व्ही_' यांच्याबाबत मी सूट देत नाही.

७. अवतरणचिन्हांतली नावं आणि 'बिन डॉलर'

दिसतो पण ड्रॉप होत नाही, अशा ट्रिगरचं नाव दुहेरी अवतरणात लहान-मोठ्या अक्षरांत दिलेलं असतं. अनेकदा ते माणसानं दिलेलंही नसतं, कुठल्यातरी टूलनं दिलेलं असतं. तसंच अवतरणात लिहिलंत तर सापडेल. नाव 'बिन' आणि डॉलरच्या खुणेनं सुरू होत असेल तर ते टेबल कधीतरी ड्रॉप होऊन रिसायकल बिनमधून परत आलेलं आहे. टेबलाला त्याचं नाव परत मिळतं, ट्रिगर आणि इंडेक्स यांना आपोआप मिळत नाही. हातानं द्यावं लागतं.

लांबीचा प्रश्न आता जुना झाला, पण जुने डेटाबेस अजून आहेत. ओरॅकल १२.१पर्यंत नावाला ३० बाइटची मर्यादा होती, १२.२पासून कम्पॅटिबल सेटिंग तसं असेल तर १२८. नव्या सर्व्हरवर लांब नावं देऊन जुन्या सर्व्हरवर तीच स्क्रिप्ट चालवली की ओआरए-००९७२ येतो.

८. क्रमावर भिस्त आहे का?

एका टेबलावर एकाच वेळेचे दोन ट्रिगर आणि नावात १, २. लिहिणाऱ्याला वाटतं आकड्याप्रमाणे चालतील. ओरॅकलमध्ये तो आकडा निव्वळ शोभेचा. क्रम हवा असेल तर ११जीपासून 'फॉलोज' लिहिता येतं, किंवा दोन्ही कामं एका कंपाउंड ट्रिगरमध्ये घ्या. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये मात्र एकाच प्रकारचे ट्रिगर नावाच्या अक्षरक्रमानंच चालतात, आणि तिथे १० हे २च्या आधी येतं. ओरॅकलवरून पोस्टग्रेसवर जाताना कोणी निव्वळ शोभेसाठी नाव बदललं तरी हिशेब बदलू शकतो. पोस्टग्रेसमध्ये नाव ६३ बाइटच्या पुढे गेलं तर शेपूट कापलं जातं, त्यामुळे वेगळेपणा शेवटच्या अक्षरांत ठेवू नका. एसक्यूएल सर्व्हरवाल्यांनी स्वतःच्या प्रोसिजरला 'एसपी_' लावू नये. सर्व्हर तो आधी सिस्टमच्या प्रोसिजरमध्ये शोधतो.

९. प्रत्यक्ष नाव बदलणं

सर्वांत अवघड, म्हणून शेवटी. आधी बॅकअप, आणि तो परत उतरवून पाहिलेला बॅकअप. मग यूजर_डिपेन्डन्सीज पाहा, पण तेवढ्यावर थांबू नका, कारण डायनॅमिक एसक्यूएलमधल्या (चालता चालता तयार होणाऱ्या वाक्यांमधल्या) हाका तिथे दिसत नाहीत. यूजर_सोर्समध्ये नाव शोधा, शेड्यूलरच्या जॉबमध्ये शोधा, रिपोर्टमध्ये आणि बिलाच्या प्रोग्रॅममध्ये शोधा.

प्रोसिजर आणि पॅकेज यांना 'रिनेम' नाही. नव्या नावानं पुन्हा तयार करायचं आणि परवानग्या नव्यानं द्यायच्या. जुनं नाव लगेच काढू नका. त्याच्या आत फक्त नव्याला हाक ठेवा आणि ती कधी, कोणाकडून आली याची नोंद एका टेबलात पाडा. ती जागा मी पुढचा ३१ मार्च उलटून जाईपर्यंत रिकामी करत नाही. वर्षअखेरीचा प्रोसिजर वर्षातून एकदाच चालतो, आणि अकरा महिने कोणी हाक मारली नाही म्हणून काढलेलं नाव बाराव्या महिन्यात हवं असतं.

काम सगळे लॉगआउट झाल्यावर करा. दिवसा पॅकेज कंपाइल केलंत तर चालू सेशनना ओआरए-०४०६८ येऊ शकतो. म्हापशात मी शुक्रवारी हात लावत नाही: बाजाराचा दिवस, काउंटर रात्रीपर्यंत चालू. आणि ऑल्टर किंवा ड्रॉप चालवलं की आधीचा अर्धवट व्यवहारही कमिट होतो, म्हणून त्या खिडकीत दुसरं काही उघडं ठेवू नका.

पॅकेजला विषयाचं नाव द्या: साठा, विक्री, ग्राहक. आतल्या प्रोसिजरला कामाचं: वजा_करा, परत_घ्या. 'साठा.वजा_करा' अशी हाक वाचली की नवा माणूसही समजतो. ट्रिगरमध्ये मजकूर दोन-तीन ओळींचाच ठेवून त्यानं पॅकेजला हाक मारावी.

कुठे थांबायचं

तपासणी १ ते ८मध्ये बहुतेक वाचनच आहे, ती कोणीही सांभाळून करू शकतो. खाली दिलेल्या प्रसंगी मात्र हात बाजूला घ्या आणि डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्या जाणकाराला) बोलवा. बॅकअप नसेल किंवा तो परत उतरवून कधी पाहिला नसेल. ट्रिगर सिस किंवा सिस्टम या ओरॅकलच्या स्वतःच्या यूजरच्या मालकीचा असेल, अथवा टेबलावर नसून लॉगिन किंवा पूर्ण डेटाबेसवर बसलेला असेल. असा ट्रिगर बिघडला तर लोकांना आत येणंच बंद होऊ शकतं. ओआरए-००६०० दिसला तर तो आतला बिघाड आहे, नावाशी त्याचा संबंध नाही. अपग्रेडनंतर शेकड्यांनी वस्तू अवैध असतील तर एकेक कंपाइल करत बसू नका. सॉफ्टवेअर विकत घेतलेलं असेल तर त्यातल्या वस्तूंची नावं बदलणं हे पुरवठादाराचं काम. पुढच्या अपडेटला तुमचे बदल पुसले जातील किंवा अपडेटच अडेल.

बिघडलेले आकडे दुरुस्त करणं हेही वेगळं काम आहे. साठ्याच्या टेबलावर थेट अपडेट चालवू नका: तिथेही ट्रिगर असू शकतो आणि दुरुस्तीच दोनदा लागेल. प्रत्यक्ष माल मोजा, फरकाची नोंद रीतसर घाला, आणि जीएसटीचं विवरण गेलं असेल तर सीएंना विचारल्याशिवाय मागच्या महिन्याला हात लावू नका.

काजू कारखान्यात आम्ही डिलीटचं काम नव्या पॅकेजमध्ये आणलं, ट्रिगरचं नाव त्याप्रमाणे बदललं आणि 'साठा_अपडेट' ड्रॉप न करता डिसेबल केला. नंतर आठ दिवस रोज संध्याकाळी ते गृहस्थ डबे मोजून आकडा फोनवर सांगायचे आणि मी स्क्रीनवरचा वाचायचो. आठही दिवस जुळला, तेव्हा जुना ट्रिगर काढला.